बी.एड.ची वृद्धाश्रमातली समाजसेवा: पत्र, दाखला आणि तारखांत नेमकं कुठं अडतं

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात बी.एड.ची पोरं-पोरी यायला लागतात, आणि त्यातली बरीचशी अभ्यासक्रमात लागणारी समाजसेवा करायला नाही, तर आधी केलेल्या सेवेचा दाखला दुरुस्त करून घ्यायला आलेली असतात. कॉलेजनं अहवाल परत केलेला असतो. कुणाच्या पत्राची तारीख चुकलेली, कुणाच्या दाखल्यावर तास नाहीत, कुणाचं नावच वेगळं. मी इथं कोल्हापुरात आवक-जावक आणि दाखल्यांचं काम बघते, दरवर्षी तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

पात्रतेचा विषय सोपा आहे. चालू वर्षाचा प्रवेश पक्का असलेला, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) मिळालेला कुठलाही बी.एड. किंवा डी.एल.एड.चा विद्यार्थी चालतो, विषय किंवा मेथड (शिकवायचा निवडलेला विषय) कुठलीही असो. किती तास करायचे ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत आणि कॉलेजच्या परिपत्रकात असतं, ते स्वतः वाचा, मैत्रिणीच्या कॉलेजवर जाऊ नका कारण कॉलेजागणिक फरक असतो. एक गैरसमज मात्र दरवर्षी निघतो: पदवीला एनएसएस केलं होतं, वर्षाचे १२० तास, दोन वर्षांचे २४०, सर्टिफिकेट आहे, मग परत कशाला? ते पदवीचं झालं, बी.एड.च्या प्रात्यक्षिकात धरत नाहीत. त्यावर वाद घालण्यात सप्टेंबर घालवू नका.

दुसरं म्हणजे संस्था कुठली चालते. परिपत्रकात ‘वृद्धाश्रम’ किंवा ‘निवासी संस्था’ लिहिलं असेल तर ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र त्यात बसत नाही. तिथं आबा लोक संध्याकाळी पेपर वाचायला नि गप्पा मारायला येतात आणि घरी जातात. सेवा तिथंही चांगली होते, पण मग आधी मेथड मास्तरांकडून लेखी होकार घ्या, नंतर ‘आम्हाला वाटलं चालेल’ हे कुणी ऐकत नाही. ट्रस्टनं चालवलेला वृद्धाश्रम असेल तर परवानगी विश्वस्त किंवा अधीक्षक देतात, बस्स. कुणीतरी सांगतं म्हणून पोरं कलेक्टर ऑफिसला जातात, तिथनं विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात, म्हणजे समाजकल्याणच्या ऑफिसात पाठवतात, तिथले म्हणतात हे आमच्याकडं नाही, आणि आठवडा गेला. समाजकल्याणची परवानगी लागते ती संस्था सरकारी किंवा त्यांच्या अनुदानावर असेल तर, आणि तेव्हासुद्धा काय लागतं ते अधीक्षकच सांगतात. म्हणून पहिली चौकशी वृद्धाश्रमातच करायची, फोन करून, दुपारी एक ते तीन सोडून, कारण त्या वेळी जेवण आणि झोप असते.

आता पत्र, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. कॉलेजचं पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह, प्राचार्यांच्या सहीचं पाहिजे, आणि ते संस्थेच्या नावानं पाहिजे. ‘संबंधितांस’ असं मोघम पत्र आमचे विश्वस्त घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, असलं पत्र घेऊन देणगी गोळा करणारेही येऊन गेलेत. पत्रात प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, पीआरएन, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि किती तास हे यायला हवं. एका वेळी चार-पाच जणच घेतो आम्ही, वीस जणांची नावं टाकून आणलीत तर तुकड्या पाडून या म्हणूनच सांगणार. पत्राच्या दोन प्रती आणा, एक आम्ही ठेवतो, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन जा, ती पोच. पोचेवरची तारीख तुमच्या पहिल्या भेटीच्या आधीची पाहिजे, निदान त्याच दिवसाची. आधी चार भेटी केल्या आणि पत्र नंतर आणलं तर त्या चार भेटी गेल्या, कारण परीक्षक सगळ्यात आधी ह्याच दोन तारखा शेजारी ठेवून बघतात. ‘मॅडम मागची तारीख टाका की’ असं म्हणू नका, आवक रजिस्टरला ओळीनं नंबर असतात, मध्ये घुसवता येत नाही.

मग कॉलेज एक कागद मागतं जो कुणाकडंच नसतो: संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. कॉलेजचं म्हणणं, संस्था खरी कशावरून? संस्थेचं म्हणणं, आमच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स गावभर फिरायला नको. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि मध्ये चेंगरतो विद्यार्थी. यावर सरळ उपाय असा की बहुतेक संस्थांच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, सार्वजनिक न्यासाचा ‘ई’ किंवा ‘एफ’नं सुरू होणारा, तो दाखल्यावर आलाय का बघा. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर ट्रस्टचं नाव टाकून शोधता येतं, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद असेल तर तो आयडी मिळतो. त्या पानाची प्रिंट काढून त्यावर स्वतःची सही करून जोडा. मला माहीत असलेल्या कॉलेजांनी हे मान्य केलंय. तरी एखाद्या ठिकाणी क्लार्क अडून बसतो की राजपत्रित अधिकाऱ्याचाच शिक्का पाहिजे. आता २०१५ पासून राज्य सरकारनं स्वतःच्या ऑफिसांत स्वयंसाक्षांकन, म्हणजे प्रतीवर आपली आपणच सही करणं, सुरू केलंय, आणि ही पोरं अजून शिक्क्यासाठी दारोदार. अशा वेळी क्लार्कशी भांडत बसू नका, प्राचार्यांना भेटा, दोन मिनिटांत सुटतं.

बाकीचे कागद किरकोळ आहेत: ओळखपत्र, बोनाफाईड, दोन फोटो, आणि नियम पाळेन असं साध्या कागदावरचं हमीपत्र, स्टॅम्प पेपर नको. डॉक्टरांचा फिटनेस दाखला काही संस्था मागतात, तो साध्या एमबीबीएस डॉक्टरचाही चालतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र सगळे मागत नाहीत, पण मागितलं तर अर्ज ऑनलाइन करून पुढं पोलीस ठाण्याची पडताळणी असते आणि तुमचा पत्ता गडहिंग्लजचा नि राहणं इथं कोल्हापुरात राजारामपुरीत असेल तर अजून लांबतं, म्हणून पहिल्याच फोनला विचारून घ्या.

किरकोळात न धरता येणारी गोष्ट म्हणजे नाव. बी.एड.ला लग्न झालेल्या बायका पुष्कळ असतात, मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि इथं येऊन हजेरीवहीत सवयीनं सासरचं लिहितात. दाखला त्यावरनं तयार होतो आणि कॉलेज म्हणतं ही बाई कोण. कॉलेजच्या रेकॉर्डला, म्हणजे पीआरएनला जे नाव आहे तेच सगळीकडं लिहायचं, स्पेलिंगसकट. नाव बदलून घ्यायचं असेल तर गॅझेट, विवाह नोंदणी ते सगळं वेगळं प्रकरण आहे, ते या सेवेच्या मध्ये काढू नका.

तारखेचं वाचन. समजा परिपत्रकात ‘३० नोव्हेंबरपर्यंत सेवा पूर्ण करून अहवाल सादर करावा’ असं आहे. पोरं वाचतात की ३० नोव्हेंबरपर्यंत सेवा करायची. नाही हो. त्या दिवशी अहवाल टेबलावर पाहिजे, अहवालात दाखला पाहिजे, दाखल्यावर अध्यक्षांची सही पाहिजे, आणि आमच्यासारख्या संस्थेत अध्यक्ष रोज नसतात, त्यांचा स्वतःचा धंदा-व्यवसाय असतो, आठवड्यातनं एकदा येतात, कधी तेही नाही. त्यामुळं शेवटची भेट मुदतीच्या तीन आठवडे आधी संपवा. जुलै-ऑगस्टवर फार भिस्त ठेवू नका, पंचगंगेला पाणी आलं की निम्मे रस्ते बंद, २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, आणि बुडालेले तास कॉलेज भरून देत नाही. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्या दिवशी सगळ्या शाळा-कॉलेजांना एकदमच आजी-आजोबा आठवतात, अंगणात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तो दिवस तासांसाठी धरू नका.

आणि इंटर्नशिप. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे असतात आणि तिथली हजेरी ९० टक्के लागते. आता शाळेच्या मस्टरवर तुम्ही ११ ते ५ हजर, आणि आमच्या वहीत त्याच तारखेला ३ ते ५ हजर, हे कसं काय? परीक्षकांना हे दिसतंच, आणि मग सेवेचे तास तर जातातच, वर शाळेच्या हजेरीवरही शंका येते. इंटर्नशिपच्या आठवड्यांत फक्त रविवार आणि सुट्टीचे दिवस घ्या. नोकरी सांभाळून बी.एड. करणाऱ्या शिक्षकांनाही हेच, तुमच्या शाळेचं मस्टर आहेच.

फोटोंवरनं अलीकडं फार कटकट होते. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, कॉलेजांना जिओटॅग फोटो लागतात, म्हणून पोरं आल्या आल्या फोन काढतात, एक जण केळं भरवतोय, दुसरा फोटो घेतोय, आणि आज्जी बिचारी पदर सावरतीय. आम्ही हे थांबवलंय. जिओटॅग फोटो गेटवर बोर्डापाशी काढा, लोकेशन आणि तारीख त्यातच येते, आतला हवा असेल तर पाठमोरा किंवा नुसत्या हातांचा. चेहरा पाहिजेच असेल तर त्या माणसाची लेखी संमती, आणि ज्यांना विसराळूपणाचा आजार आहे त्यांची ‘हो’ ही संमती नव्हे, तिथं अधीक्षकांना विचारायचं. अहवालात पूर्ण नावं, आजार, मुलांची नावं-गावं लिहू नका. ‘मुलानं टाकून दिलेली आई’ असले मथळे तर अजिबात नकोत, आमच्याकडचे कितीतरी जण स्वतःच्या मर्जीनं आलेत आणि अहवालाची प्रत ते वाचतात बरं का.

काम काय करायचं, तर भाषण आणि गाणी याच्यापलीकडं विचार करा. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो, ८० च्या वरच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, मोबाइलवर चेहऱ्यावरनं होतो. बोटांच्या रेषा झिजलेल्यांना त्याचाच आधार. पण ॲप डोळ्यांची उघडझाप मागतं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आज्जींची पापणी त्याला पटकन दिसत नाही, मग खोलीतनं व्हरांड्यात उजेडाला आणायचं, चष्मा काढायचा, ‘आता मिटा, आता उघडा’ असं हळू सांगायचं, तीनदा-चारदा होतं तेव्हा हिरवा टिक येतो. यात अर्धा तास सहज जातो आणि तो अर्धा तास वहीत लिहिण्यासारखा आहे. सत्तरीच्या वरच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघालंय, त्याच्या नोंदणीलाही मदत लागते. हे सगळं अधीक्षकांच्या समोर करायचं, पीपीओ (पेन्शनचा) नंबर, आधार, ओटीपी तुमच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत. एटीएममधनं पैसे काढून आण, हा कागद सही कर, असं कुणी प्रेमानं सांगितलं तरी ऑफिसला सांगायचं. गोळ्या-औषधं द्यायची नाहीत, कुणाला उचलायचं नाही, पेढे-जिलेबी थेट वाटायची नाही, निम्म्यांना शुगर आहे. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी येऊ नका, फोन करा, दुसरी तारीख देतो.

वही रोजच्या रोज भरा: तारीख, आत आलेली वेळ, बाहेर पडलेली वेळ, काम, अधीक्षकांची सही. केएमटी बसची वाट बघण्यातला वेळ धरत नाहीत. शेवटी एकदम सगळ्या सह्या मागायला आलात तर एकाच पेनानं, एकाच दमात झालेल्या सह्या कुणालाही ओळखू येतात.

दाखला हातात पडला की ऑफिसातच उभं राहून वाचा. नाव, पीआरएन, पासून-पर्यंत तारखा, एकूण तास, जावक क्रमांक, सही, सहीखाली पदनाम, गोल शिक्का. ‘दहा दिवस सेवा केली’ असं लिहिलं असेल आणि कॉलेजला तास हवे असतील तर तिथंच बदलून घ्या. वहीतली बेरीज आणि दाखल्यावरचा आकडा जुळतोय का बघा.

आणि परत आलाच अहवाल तर तोंडी कारणावर धावत येऊ नका. काय कमी आहे ते कॉलेजकडनं चिठ्ठीवर का होईना लिहून घ्या, नाहीतर आम्ही एक दुरुस्त करतो आणि ते दुसरं काढतात. जुना दाखला सोबत आणा, तो आम्ही रद्द करून नवा देतो, नव्या जावक क्रमांकानं आणि त्या दिवशीच्या तारखेनं, आणि त्यावर ‘सुधारित’ असा शेरा असतो. व्हाइटनर लावलेला किंवा पेनानं आकडा गिरवलेला दाखला आम्ही आमचा मानत नाही. येण्याआधी फोन करून अध्यक्ष कुठल्या वारी येणार ते विचारा.