330 अंश : 'लेडी बी गुड' वाळवंटात कशी गेली

4 एप्रिल 1943. लिबियातल्या सोलुक तळावरून अमेरिकी हवाई दलाची 25 बी-24 लिबरेटर बॉम्बफेकी विमाने इटलीतल्या नेपल्सच्या बंदराकडे निघाली. शेवटच्या काही विमानांत 'लेडी बी गुड' होते. 376 व्या बॉम्बर गटाच्या या विमानातले नऊही जण नवखे होते आणि त्यांची ही पहिलीच मोहीम होती. तळावर वाळूचे वादळ सुरू होते. इंजिनांत वाळू गेल्याने मागच्या तुकडीतली अनेक विमाने वाटेतूनच परतली. वैमानिक विल्यम हॅटन पुढे जात राहिला. नेपल्स गाठेपर्यंत अंधार पडला, लक्ष्य दिसेना, म्हणून बॉम्ब समुद्रात टाकून विमान एकटेच परत फिरले.

मध्यरात्रीनंतर 12 वाजून 12 मिनिटांनी हॅटनने बिनतारीवरून दिशा विचारली, कारण विमानातला आपोआप दिशा दाखवणारा संच चालत नव्हता. लिबियाच्या किनाऱ्याजवळच्या बेनिना इथल्या, विमानांना दिशा सांगणाऱ्या रेडिओ केंद्राने उत्तर दिले: 330 अंश. म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, अजून समुद्रावर.

सगळे अडले ते इथे. अशा केंद्राचा अँटेना म्हणजे तारेचे फिरणारे वेटोळे. येणारा आवाज सर्वांत क्षीण होईपर्यंत ते फिरवायचे आणि त्यावरून दिशा वाचायची. पण एका फेऱ्यात आवाज दोनदा बुडतो, 180 अंशांच्या अंतराने. समोरून येणारे विमान आणि डोक्यावरून पलीकडे गेलेले विमान, दोघांसाठी वेटोळे एकाच जागी थांबते. खरी बाजू ठरवायला सोबत एक उभी सरळ तार तरी लागते, नाहीतर लांबच्या दुसऱ्या केंद्राचे माप घेऊन दोन रेषा जिथे छेदतात ती जागा काढावी लागते. एकट्या वेटोळ्याकडून फक्त रेषा मिळते, तिचे टोक कळत नाही.

त्यात बेनिनाहून नेपल्सची दिशाही जवळजवळ 330 अंशच. जिथून विमान यायला हवे तिथूनच ते येताना 'दिसले', मग शंका कोणाला येणार? नंतरच्या तपासाचा निष्कर्ष असा की विमान तोवर तळ ओलांडून गेले होते आणि खरे माप 150 अंश होते. तळावरून सोडलेले प्रकाशबाण त्यांना दिसले नाहीत. किनारा अजून पुढेच आहे असे समजून ते आणखी सुमारे दोन तास दक्षिणेकडे उडत राहिले. रात्री वरून पाहिले तर सपाट वाळवंट आणि समुद्र सारखेच काळे दिसतात.

इंधन संपत आले तेव्हा, पहाटे 2 च्या सुमारास, नऊही जणांनी उड्या मारल्या. रिकामे विमान एका चालू इंजिनावर आणखी सुमारे 26 किलोमीटर गेले आणि पोटावर घसरत थांबले. त्याचे दोन तुकडे झाले, पण बाकी ते बरेचसे शाबूत राहिले. त्यात पाणी होते, अन्न होते आणि चालू रेडिओ होता.

खाली आठ जण एकत्र आले. बॉम्बार्डियर, म्हणजे बॉम्ब टाकणारा, जॉन वोरावका याची हवाई छत्री (पॅराशूट) नीट उघडलीच नव्हती. सहवैमानिक रॉबर्ट टोनरच्या रोजनिशीत हिशेब आहे: अर्धी बाटली पाणी, माणशी दिवसाला एक झाकण. ते वायव्येला चालू लागले. दिशा अगदी बरोबर होती, चुकला तो अंतराचा अंदाज. तळ सुमारे 700 किलोमीटर दूर होता. मागून येणाऱ्यांसाठी त्यांनी छत्रीच्या पट्ट्यांचे बाण करून त्यांवर दगड ठेवले. वाटेत कलानशोचा वाळूचा समुद्र लागला. 9 एप्रिलला शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत शोधायला पुढे निघाले, बाकीचे पाच तिथेच राहिले. टोनरची शेवटची नोंद 12 एप्रिलची आहे. मदत अजून आलेली नाही आणि रात्र फार थंड आहे, असे त्याने लिहिले. त्या पाण्यावर आठ दिवस! वाळवंट माहीत असलेल्यांनाही हे पटायला जड जाते.

शोधपथके समुद्रावर फिरली, कारण 330 अंश समुद्राकडेच बोट दाखवत होते. 1958 मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकाला हवेतून विमान दिसले, बेनिनाहून आग्नेयेला, त्याच रेषेच्या उलट टोकाकडे. 1959 मध्ये माणसे तिथे पोहोचली तेव्हा मशीनगन झडत होत्या, थर्मासमधले पेय पिण्याजोगे होते. फेब्रुवारी 1960 मध्ये पाच जणांचे अवशेष मिळाले, मे महिन्यात त्यांच्याही पुढे शेली आणि रिपस्लिंगरचे, ऑगस्टमध्ये वोरावकाचे. व्हर्नन मूरच्या अवशेषांची अधिकृत ओळख कधीच पटली नाही.