रॉकफेलर, फोर्ड आणि दारूबंदी: त्या फॉरवर्डचं काय खरं?

फोर्डची मॉडेल टी गाडी अल्कोहोलवर चालायची म्हणून तेलवाल्या रॉकफेलरने पैसे ओतून अमेरिकेत दारूबंदी आणली, हा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय. भारी गोष्ट आहे, पण जुळत नाही. गाडी मुळात पेट्रोलवरच चालायची, कारण ते स्वस्त होतं, फार तर कार्ब्युरेटर अ‍ॅडजस्ट करून अल्कोहोल चालवता यायचं. आणि 1919 च्या व्होल्स्टेड कायद्यात, म्हणजे दारूबंदी अमलात आणणाऱ्या कायद्यात, बंदी पिण्याच्या दारूवर होती, उलट इंधन आणि रंग बनवायला अल्कोहोल वापरायला प्रोत्साहन द्यावं असं कायद्याच्या लांबलचक नावातच लिहिलंय! रॉकफेलर घराण्याने दारूबंदीवाल्यांना देणग्या दिल्या हे खरं, पण ते कट्टर बॅप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ), दारूला न शिवणारे. 1932 मध्ये धाकट्या रॉकफेलरनेच, म्हणजे तेलवाल्याच्या मुलानेच, बंदी उठवा म्हणून जाहीर पाठिंबा दिला, तेलासाठी आणली असती तर असं कशाला केलं असतं?

आणि ज्याला बिचारा बळी दाखवतात तो फोर्ड स्वतः दारूबंदीचा पक्का समर्थक. 1914 पासून पाच डॉलर रोज द्यायचा, पण कामगार घरी पितो का हे बघायला माणसं पाठवायचा. फोर्डच्या डेट्रॉइट शहरासकट अख्खं मिशिगन राज्य तर देशाच्या आधीच, 1918 मध्येच, कोरडं झालं होतं, म्हणजे कागदावर, कारण नदीपलीकडे कॅनडातलं विंडसर, तिथून बोटी भरभरून माल यायचा आणि हिवाळ्यात बर्फावरून गाड्याही.