बियांमधील एंझाइमरोधक प्रथिने

वनस्पतींच्या बियांत साठलेली आणि बी खाणाऱ्या प्राण्याच्या किंवा किडीच्या पचनरसातील एंझाइमांना निकामी करणारी प्रथिने. सातारा-सांगली भागात यांचा व्यवहारात संबंध येतो तो मुख्यतः सोयाबीनमुळे.

सोयाबीनमधील कुनिट्झ रोधक 181 अमिनो आम्लांचा आहे. बोमन-बर्क रोधक अवघा 71 चा, पण सात डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी आवळलेला, म्हणून उष्णतेला जास्त चिवट. त्याला दोन तोंडे असतात: एक ट्रिप्सिनला धरते, दुसरे कायमोट्रिप्सिनला; दोन्ही प्रथिने पचवणारी एंझाइमे. अन्नातल्या प्रथिनासारखाच रोधक एंझाइमाच्या क्रियास्थळी जाऊन बसतो, पण सुटत नाही. मग स्वादुपिंड जादा ट्रिप्सिन स्रवते. उंदरांत व कोंबडीच्या पिलांत ते सुजून मोठे होते. या स्रावाबरोबर गंधकयुक्त अमिनो आम्ले वाया जातात, आणि सोयाबीनमध्ये नेमकी तीच कमी. कच्च्या सोयाबीनवर खुंटलेले उंदीर शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1917 मध्ये दाखवले होते. कुनिट्झ यांनी रोधकाचे स्फटिक मिळवले ते 1945 मध्ये.

नुसते भिजवून हे रोधक जात नाहीत. भिजवण्याचा खरा उपयोग दाण्यात ओल शिरावी एवढाच, कारण ओली उष्णता कोरड्यापेक्षा फार लवकर काम करते. रात्रभर भिजवावे, पाणी टाकावे, दाणा आतपर्यंत मऊ होईतो शिजवावा. सोयाबीनच्या पेंडीत (तेल काढून उरलेल्या चोथ्यात) 100 अंश सेल्सिअसच्या वाफेने 15 मिनिटांत सुमारे 95 टक्के रोधक मोडतात. वरून करपलेला, आत कच्चा असा घाईने भाजलेला दाणा फसवा.

पेंड पारखताना युरिएज चाचणी करतात. युरिएज हे सोयाबीनमधलेच, युरियातून अमोनिया सोडणारे एंझाइम; तेही रोधकांसारखे उष्णतेने मोडते, म्हणून ते किती उरले यावरून पेंड किती शिजली ते कळते. युरियाच्या द्रावणात पेंड मिसळल्यावर सामूमधील (पीएच) वाढ 0.05 ते 0.20 असावी, जास्त आली तर पेंड कच्ची. जादा तापलेली पेंड मात्र या चाचणीत पकडली जात नाही, आणि तिच्यातले लायसिन हे गरजेचे अमिनो आम्ल तर गेलेले असते. त्यासाठी 0.2 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रथिन विरघळते ते पाहतात: 85 टक्क्यांवर कच्ची, 70 च्या खाली करपलेली. मोठ्या जनावराच्या कोठीपोटातील जिवाणू रोधक बरेचसे मोडतात, म्हणून म्हशीला थोडा कच्चा भरडा खपतो; लहान वासराला, कोंबडीला नाही. कच्च्या भरड्यात युरिया कधीच मिसळू नये, अमोनिया सुटतो.

कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्या जातीचा आहे, त्या राजमावर्गीय दाण्यांत स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजचा रोधक असतो. साठवणीतल्या काही भुंग्यांना तो मारक ठरतो. हरभऱ्यातील रोधकांना घाटे अळी मात्र फारशी जुमानत नाही. रोधक न अडवू शकणारी दुसरी एंझाइमे ती आतड्यात वाढवते.