डोळे आले नव्हतेच

एक डोळा लालभडक, उजेड सोसवत नाही, सारखं पाणी. घरच्या घरी निदान होतं, 'डोळे आलेत', आणि मेडिकलमधून थेंब येतात. पण डोळे आले की सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात, एक-दोन दिवसांत बहुधा दुसराही डोळा लाल होतो. इथे चिपडं नाहीत. लाली बुबुळाभोवती कडं करून बसलेली, ठणका आत खोल. आणखी एक चमत्कारिक खूण: चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारली तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येते. दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात, आणि सुजलेल्या आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, तेवढीही हालचाल सोसत नाही.

हा युव्हायटिस. लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्ष. पांढरं आवरण सोलल्यावर डोळ्याचा मधला थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून तो युव्हिया. आयरिस त्याचाच भाग, आणि त्याची सूज म्हणजे युव्हायटिस. एरवी रक्त आणि डोळ्याच्या आत भरलेलं पाणी यांच्यात पक्का बांध असतो. सुजेने तो पाझरू लागतो, पांढऱ्या पेशी आत उतरतात आणि स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकाच्या, प्रकाशात कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात.

मग डॉक्टर भलतंच विचारतात: सकाळी कंबर धरते का? पडून राहिल्यावर वाढणारी आणि हिंडल्यावर मोकळी होणारी कंबरदुखी ऐन तिशीत असेल, तर लोक गादी बदलतात! ती अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच मणक्यावर उलटल्याची सुरुवात असू शकते. या आजाराचा आणि युव्हायटिसचा एचएलए-बी27 या जनुकाशी असलेला संबंध 1973 मध्ये उघड झाला. डब्लिनच्या 2015 मधल्या एका अभ्यासात असा अचानक लाल झालेला डोळा घेऊन आलेल्या सुमारे 40 टक्के रुग्णांत अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या गटातला सांध्यांचा आजार निघाला, तोवर निदानच न झालेला. मात्र बी27 असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. नुसत्या रिपोर्टने हबकू नये.

आपल्याकडे टीबीनेही युव्हायटिस होतो, त्यामुळे आधी त्याची तपासणी. नंतर स्टिरॉइडचे थेंब, आणि बाहुली मोठी ठेवणारं औषध. नाहीतर आयरिस मागच्या भिंगाला चिकटून बसते. हेच स्टिरॉइड स्वतःच्या मनाने घातलं आणि डोळ्यात नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचा व्रण असला, तर तो चिघळतो.

लहान मुलांत मात्र सगळं उलटं. संधिवाताने गुडघा सुजलेल्या मुलाचा डोळा पांढराशुभ्र असतो, दुखत नाही, आणि तरी आत सूज चालू असू शकते. म्हणून धोका जास्त असलेल्या मुलांना दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पसमोर बसवतात.