‘होऊन गेलेला’ हिपॅटायटिस वेगळा, ‘आत्ता असलेला’ वेगळा

हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज; ती आणणारे व्हायरस कसे पसरतात, म्हणजे ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून, बी आणि सी मुख्यतः रक्तातून, शिवाय बी आईकडून बाळाला आणि लैंगिक संबंधातून, हे बहुतेकांना पाठ असतं, सोडून देऊ. खरी बोंब आहे ती टक्केवारीची. एक जण म्हणतो अमुक देशात दहा टक्के लोकांना हिपॅटायटिस सी, दुसरा म्हणतो छे, सातच, आणि मग दोघं हमरीतुमरीवर येतात. अहो, दोघंही बरोबर असू शकतात, कारण एकाने होऊन गेलेले धरून मोजलेत आणि दुसऱ्याने फक्त आत्ता असलेले.

इजिप्तचंच बघा ना. तिथे १९५० ते १९८० च्या दशकांत बिलहार्झियावर (पाण्यातल्या कृमींमुळे होणारा आजार) सरकारी मोहिमा काढून इंजेक्शनं दिली, सिरिंजा धड निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या, आणि सी गावोगाव पोचला. २०१५ च्या सर्व्हेत १५ ते ५९ वयातल्या १० टक्के लोकांत अँटीबॉडी (व्हायरसशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) सापडल्या, पण व्हायरसचा आरएनए, म्हणजे खुद्द व्हायरसचं जनुकीय द्रव्य, मात्र ७ टक्क्यांतच. मधले ३ टक्के काही लॅबची चूक नाहीत. सीची लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत व्हायरस आपणहून काढून टाकतं, काही जण औषधाने बरे होतात, अँटीबॉडी मात्र पुढे वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणून रिपोर्टवर ‘अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह’, म्हणजे सीच्या अँटीबॉडी सापडल्या, असं दिसलं की पुढची आरएनए टेस्ट होईपर्यंत त्या माणसाला पेशंट म्हणायचं नाही, आणि देशाच्या आकड्यालाही हाच नियम. नंतर इजिप्तने लाखो लोकांना गोळ्या देऊन बरं केलं, पण उद्या नुसत्या अँटीबॉडी मोजल्या तर वाटेल काहीच फरक पडला नाही!

बीमध्ये घोळ अजून वाढतो कारण टेस्टच तीन आहेत आणि तिन्हींना लोक सरसकट ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात, माझं डोकं इथेच फिरतं. एचबीएसएजी हा व्हायरसचाच तुकडा, तो सापडला म्हणजे व्हायरस आत्ता अंगात आहे. अँटी-एचबीसी ही बीच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी, ती सापडली म्हणजे कधीतरी लागण झाली होती, आत्ता असेल किंवा नसेल. आणि अँटी-एचबीएस (एचबीएसएजीविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह ही तर चांगली बातमी, लस लागू पडली किंवा माणूस बरा झाला. एखादा भाग ‘हाय एंडेमिक’, म्हणजे आजार कायम मोठ्या प्रमाणात असलेला, ठरतो तो एचबीएसएजी ८ टक्के किंवा जास्त असला की, पण अशा ठिकाणी लस यायच्या आधी कधीतरी लागण झालेले निम्म्याहून जास्त असायचे. एवढी तफावत वयामुळे पडते: जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांत ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहूनही कमी लोकांत. तैवानने १९८४ पासून बाळांना लस द्यायला घेतली आणि लहान मुलांतला एचबीएसएजी १० टक्क्यांच्या आसपास होता तो पंधराएक वर्षांत १ टक्क्याच्या खाली आला. तिथल्या म्हाताऱ्यांची अँटी-एचबीसी त्याने थोडीच उतरणार.

एचं थोडक्यात सांगतो. जिथे तो खूप पसरलेला आहे तिथे ९० टक्के मुलांना दहा वर्षांच्या आत होऊन जातो, बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत, आणि तो कधीच जुनाट होत नाही. तरी तिथले ‘९० टक्के’ आजारी म्हणून दाखवणारे महाभाग आहेत.

सगळ्यात चीड येते ती एका चार्टची. २००५ सालासाठी जगात सीचे १८.५ कोटी, २०१५ सालासाठी ७.१ कोटी, आणि मध्ये खाली जाणारा मोठा बाण. पहिला आकडा अँटीबॉडीचा आहे, दुसरा अंगात व्हायरस असलेल्यांचा. दोघांत बाण काढायचाच नसतो.