ख्रिस्ती जीवनातील उत्कृष्टता

घरकाम, शेती, नोकरी, व्यवसाय अशा रोजच्या कामांपैकी प्रत्येक काम देवासमोर केले जात आहे या जाणिवेने ते सचोटीने, मन लावून आणि आपल्या कुवतीप्रमाणे होईल तितके चांगले करावे, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत शिकवण आणि तिच्यातून घडलेला आचार. कामाची प्रत येथे महत्त्वाची आहे. मात्र इतरांवर सरशी मिळवणे हा तिचा निकष नाही. जे हाती सोपवले आहे त्याचा सांभाळ माणसाने कसा केला, एवढेच पाहिले जाते.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, या शिकवणीची मुळे खोलवर आहेत. त्याच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पापाचा प्रवेश होण्यापूर्वीच मनुष्याला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी नेमले आहे. त्यामुळे श्रम ही मुळात शिक्षा नव्हे, असे ख्रिस्ती परंपरा मानते. निर्गम या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू, घडवणारा बसालेल हा देवाच्या आत्म्याने परिपूर्ण असा कारागीर आहे आणि त्याला मिळालेले दान धातू, रत्ने व लाकूड यांच्या कामाचे आहे. परक्या राजाचा अधिकारी असलेल्या दानीएलाच्या वैऱ्यांनी त्याच्या राज्यकारभारात दोष शोधला, पण त्यांना तो सापडला नाही. येशू स्वतः सुतार म्हणून ओळखला जात असे आणि प्रेषित पौल तंबू तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरत असे. तथापि या विषयाचा गाभा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील, येशूने सांगितलेल्या दाखल्यात सापडतो. धनी परदेशी जाताना तीन दासांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे कमीअधिक द्रव्य देतो. परत आल्यावर पाच भाग मिळालेल्या आणि दोन भाग मिळालेल्या दासाची तो अगदी एकाच शब्दांत वाखाणणी करतो. दोघांच्या मिळकतीत मोठे अंतर असूनही शाबासकीत तसूभर फरक नाही, याकडे वाचकांचे पुरेसे लक्ष जात नाही.

अशा कामाने तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळत नाही. ते कृपेने मिळते आणि चांगली कामे त्या कृपेचे फळ होत, असे बायबलातील इफिसकरांस पत्र सांगते. हा क्रम उलटला की उत्तम कामाची ओढ संपते आणि चुकांची धास्ती तेवढी उरते.

पुढील काळात सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांनी मठातील अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांसारखी जपावीत असे बजावले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी धर्मगुरूंप्रमाणेच शेतकऱ्याचे आणि घरातील मोलकरणीचे कामही देवाचे पाचारण ठरवले. या विचाराचा भांडवलशाहीच्या वाढीशी असलेला संबंध जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४–०५ मध्ये मांडला. त्यावरील वाद अद्याप मिटलेला नाही.

नाशिकच्या इतिहासात या शिकवणीची एक विलक्षण बाजू दिसते. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील धर्मप्रसारक संस्थेने १८३२ मध्ये येथे काम सुरू केले आणि १८५० च्या दशकात तिचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले येथे आणली जात. त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. त्यांच्यापैकी काही जण आफ्रिकेचा शोध घेणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमांत सामील झाले. १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले, तेव्हा शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइट यांनी त्यांच्या सामानाची नोंद केली, अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. लिव्हिंगस्टन यांचे जुने सोबती चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली सहकाऱ्यांनी तो देह पायी समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील दफनविधीत वेनराइट यांनीही शवपेटीला खांदा दिला. दूरच्या प्रदेशात, कोणी जाब विचारणार नसताना केलेली सामानाची ती नोंद येथे खांद्याच्या मानाइतकीच मोलाची म्हटली पाहिजे.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेने पतीच्या, म्हणजे कवी नारायण वामन टिळक यांच्या निधनानंतर, अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील काव्य हाती घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः लिहिले. दुसऱ्याने आरंभलेले काम इतक्या चिकाटीने तडीस नेणे ही मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक मोठी साधना आहे.

आजच्या नाशिकमध्ये ही शिकवण अगदी साध्या व्यवहारांत पारखली जाते. द्राक्षांच्या पेटीत खालचा थर वरच्या थराइतकाच निवडक असणे, सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात रात्रपाळीतही मापे खरी नोंदवणे, रुग्णालयात नातेवाईक नसलेल्या रुग्णाची चादर तितक्याच काळजीने बदलणे, ही तिची खरी क्षेत्रे होत. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, असे बायबलातील नीतिसूत्रे सांगतात. विश्रांतीही या आचाराचाच भाग आहे. सहा दिवसांचे काम सातव्या दिवशी थांबवणे ही आज्ञाच असल्यामुळे, घर आणि उपासना बाजूला सारून चाललेली धावपळ कितीही फलदायी असली तरी या शिकवणीत बसत नाही.

या शिकवणीचा गैरवापरही झाला आहे. माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे काम करा, हे कलस्सैकरांस पत्रातील वचन मूळ संदर्भात दासांना उद्देशून आहे, आणि इतिहासात ते गुलामांना गप्प ठेवण्यासाठी वापरले गेले. परंतु काही ओळींनंतर तेच पत्र धन्यांना, त्यांचाही धनी स्वर्गात आहे याची आठवण देऊन, न्यायाने व समतेने वागण्यास सांगते. हा भाग गाळून ते वचन सांगणे हा शास्त्राचा विपर्यास होय. शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती हाक देवाच्या कानी पोहोचली आहे, असे याकोबाचे पत्र म्हणते. त्यामुळे बागायतदार किंवा कारखानदार ख्रिस्ती असेल, तर त्याच्या कामाच्या प्रतीत मालाच्या दर्जाबरोबर मजुरांना वेळेवर मिळालेला पूर्ण दामही धरला जातो.