सिलिकोसिसला टीबी म्हणणं बंद करा राव

खडी क्रशरवर पंधरा वर्षं काढलेला माणूस खोकायला लागला, वजन उतरलं, चार पायऱ्या चढून धाप लागली की आजूबाजूच्यांचं निदान तयारच असतं, "टीबी दिसतोय". टीबी काय ते सगळ्यांना माहितीये, जंतू असतो, खोकल्यातून पसरतो, साधारण 6 महिने गोळ्या नीट घेतल्या तर बहुतेक जण बरे होतात, पुढे चला.

सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. एक्सरेत टीबी आणि सिलिकोसिस दोघांचे डाग बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागातच दिसतात, म्हणून नुसत्या फिल्मवर गफलत होते. पण खरी गोची वेगळीच आहे, सिलिकोसिसमध्ये मारायला जंतूच नसतो!

दगड फुटताना जी धूळ डोळ्याला दिसते ती बरीचशी नाकाघशातच अडकते आणि शेंबडात-कफात निघून जाते. नडते ती न दिसणारी, 5 मायक्रॉनपेक्षा बारीक सिलिका, म्हणजे दगडातलं खनिज, ती थेट फुप्फुसाच्या पार आत, वायुकोशांत म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांत जाऊन बसते. तिथं मॅक्रोफेज नावाच्या झाडूवाल्या पेशी तिला गिळतात. टीबीचा जंतूही याच पेशी गिळतात बरं का, पण त्याला औषधाने मारता येतं, दगडाला कोण मारणार? तो कण पेशीच्या आतली पचनाची पिशवी फाडतो, पेशी सूज आणणारी रसायनं सोडत मरते, कण जसाच्या तसा बाहेर, मग दुसरी पेशी गिळते, तीही मरते, हेच वर्षानुवर्षं चालू. सूज सतत राहिली की शरीर तिथं कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणत बसतं, त्याच्या कडक गाठी होतात आणि तेवढं फुप्फुस श्वासाला निकामी. म्हणूनच काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, हे सांगितलं की कुणाला पटतच नाही.

गुजरातेत खंबातला अकीकचे दगड घराघरात घासतात, तिथं आख्खं घर खोकलं तर लोकांना ते लागण वाटतं, पण अहो धूळही सगळ्यांनी एकच ओढलेली असते ना.

आता उलटी चूकही करू नका. सिलिकाने त्या झाडूवाल्या पेशी कमजोर होतात, त्यामुळे अशा माणसाला टीबी होण्याचा धोका खरंच जास्त असतो, दोन्ही एकदम पण होतात. थुंकीची तपासणी करायचीच.

आणि तो गूळ! गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते म्हणे. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात, भेट कुठे व्हायची? तोंडाला रुमाल बांधणंही तसलंच, बारीक कण आरपार जातात. त्यापेक्षा दगडावर पाणी मारून काम करा, धूळ उडायच्या आधीच बसते.

डॉक्टर बिडी-सिगारेटचं विचारतात, कामाचं विचारतीलच असं नाही, आपणहून सांगा, किती वर्षं आणि कुठल्या दगडावर ते पण. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत सिलिकोसिस आहे, कागदावर नुसतं टीबी लिहिलं गेलं की भरपाईसाठी भांडायला हातात काही राहत नाही.